पाठवणावळ

हॅलिफॅक्सच्या जुन्या गालिचा-गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे शंभर माग होते तिथे आता
आम्ही चौघे आणि एक किटली.
मी इचलकरंजीची. खटखटीशिवाय
लहानपणी मला झोप यायची नाही.
इथली शांतता अजून अंगवळणी पडलेली नाही.

मार्चचं बिल फिलिपाने छापून आणलं.
कागदावर, म्हणजे प्रकरण गंभीर.
दोन हजार तीनशे अठरा पौंड,
त्यातले एकोणीसशे नुसते पाठवणावळीचे.
"आपण विणकाम शिकवतो," ती म्हणाली,
"लोकर विकून हे भागायचं नाही."

मी समजावलं:
क्लाउडवर व्हिडिओ ठेवायला फारसं काही पडत नाही.
आत न्यायला तर फुकटच. या, बसा.
पैसे पडतात बाहेर पडायला,
दर गिगाबाइटला, उंबऱ्यावर मोजून.
माझं उलट झालं होतं.
आत येताना व्हिसा, वर आरोग्याचा अधिभार, दहा बोटांचे ठसे.
जाते म्हटलं तर कुणी पैही मागणार नाही.

कुणीतरी कधीतरी खातं उघडताना
पहिलाच पर्याय दाबला होता: व्हर्जिनिया.
म्हणजे हिल्डाबाई विणायच्या इथून सहा मैलांवर,
त्यांचे हात राहायला अमेरिकेत,
आणि हडर्सफील्डच्या कुणी पाहायचं म्हटलं
की ते हात दर वेळी अटलांटिक ओलांडून यायचे.
काखेत कळसा, गावाला वळसा,
आणि वळशाचं भाडं आमच्या माथी.

मग एक प्रत लंडनला हलवली, एक मँचेस्टरला,
मागणाऱ्याच्या जितकी जवळ तितकी बरी.
दोन सुया आणि एक टाका दाखवायला
फोर-के कशाला? सातशेवीस पुरे.
फिलिपा नाक स्क्रीनला लावून बसली,
टाके मोजले, बरोबर आले.
आपोआप सुरू होणारे व्हिडिओ थांबवले.
बिल उतरू लागलं, ताप उतरतो तसं,
दिवसाचं. रात्रीचं उतरेना.

नोंदींत सापडलं.
एकच गिऱ्हाईक, विदर्नसी, समुद्राकाठी.
एकच व्हिडिओ: मोज्याची टाच कशी वळवावी, चौतीस मिनिटं.
रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत
चौदा वेळा. रोज. ऑक्टोबरपासून.

हिल्डाबाई ऑक्टोबरात गेल्या होत्या.

फिलिपाने फोन लावला. वृद्धाश्रम होता.
रात्रपाळीची नर्स म्हणाली, हो, ती आयव्ही, त्यांची बहीण.
टीव्ही बंद केला की उठून बसते.
विणकाम? छे, तिला येत नाही, कधी आवडलंही नाही.
ते हात चालू असले की झोपते.

मर्यादा घालायची जागा माझ्यासमोर उघडी होती.
एका ओळीचा नियम: एका पत्त्याला दिवसाला इतकंच.
मी तो लिहिलाही होता.
किटली उकळून बंद झाली,
आणि मला उगाच, मजल्याच्या त्या टोकाला,
एक माग चालू असल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह आणला, सहा पौंड.
त्यात तीच चौतीस मिनिटं, या वेळी फोर-के,
हिल्डाबाईंच्या अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग दिसेल इतकी स्वच्छ.
नर्ससाठी चिठ्ठी: टीव्हीच्या मागे लावा, पुन्हा पुन्हा चालेल.
जाड पाकीट, सेकंड क्लासचं तिकीट.
पोस्टातल्या माणसाने विचारलं, आत काही मौल्यवान?
मी काट्याकडे पाहिलं.
अठ्ठावीस ग्रॅम.

एप्रिलचं बिल चारशे अकरा आलं.
फिलिपाने ते छापलं नाही.
विदर्नसीहून महिन्याची वर्गणी अजून येते,
परत करायला हवी, लिहून ठेवलंय.
आणि व्हर्जिनियातली जुनी प्रत तशीच आहे.
पुसायला काहीच पैसे पडत नाहीत.
उद्या बघू.